झोटिंग आज्याची तिसरी हाक

कोकणात घाडी म्हणजे भुतं काढणारा माणूस. कोणाच्या अंगात काही शिरलं, कोणाची गाय आटली, एखादं पोर झोपेतून किंचाळत उठू लागलं, की घाड्याला बोलावणं जायचं. तो तांदूळ मांडायचा, नारळ ओवाळायचा आणि जे काही असेल ते गावाच्या हद्दीपार नेऊन सोडायचा. घराण्यातल्या अशा सात पिढ्यांनी जेवढी भुतं हाकलली त्या सगळ्यांची वसुली एकट्या लवू घाडीगावकराकडून झाली, असं त्याची बायको वनमाला म्हणायची. आधी ती हे हसत म्हणायची. पुढे तेच वाक्य ती न हसता म्हणू लागली.

लवू बोरिवली पूर्वेला काजूपाड्यात राहतो. त्याचा बाप धाकू गिरणीत होता. गिरणी बंद पडली तशी लालबागची खोली मोडून म्हातारा इकडे डोंगराच्या कुशीत येऊन राहिला आणि मरेपर्यंत ‘मी मुंबई सोडली’ असंच सांगत राहिला. लवू एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागला. पण जत्रांचे दिवस आले की हा गडी रजा टाकून गावाला पळायचा आणि दशावतारात राक्षस व्हायचा. राजाला गाणं हवं, नारदाला जीभ हवी. राक्षसाने फक्त आरोळी ठोकायची, लढायचं आणि पहाटेच्या आत मरायचं. लवूला तेवढंच येत होतं, पण ते असं येत होतं की पुढे बसलेली पोरं आयांच्या पदरात शिरत.

‘झोटिंगांचं बिऱ्हाड’ ही मालिका टीव्हीवर आली तेव्हा लवू चाळिशीला टेकला होता. ज्यांनी ती पाहिली त्यांना वेगळं सांगायला नको, ज्यांनी नाही पाहिली त्यांच्यासाठी सांगतो. एका चाळीच्या पुनर्विकासात बिल्डरला कळतं, की मतदारयादीतलं एक अख्खं कुटुंब केव्हाच मेलेलं आहे. पण कागदोपत्री ते पात्र असल्यामुळे त्यांनाही टॉवरमध्ये खोली द्यावी लागते. मग हे झोटिंगे कुटुंब, म्हणजे आजा, सून, मुलगा आणि दोन नातवंडं, पंधराव्या मजल्यावर राहायला येतं आणि सोसायटीच्या मीटिंगांना हजर राहू लागतं. मेलेल्यांना मेंटेनन्स लावायचा की नाही, यावर आठवडेच्या आठवडे भांडणं चालली. लोक पोट धरधरून हसले.

त्यातला झोटिंग आजा म्हणजे लवू. तोंडावर रबरी मुखवटा, त्याला चिकटवलेली पांढरी आयाळ, डोळ्यांच्या जागी बारीक जाळी. मुखवट्याच्या आत दिवे लागल्यावर भट्टी व्हायची. अंधेरीच्या ऑफिसात निवडीला आलेली तीन माणसं तो पाच मिनिटांत काढून पळाली होती. लवू दुपारभर घालून बसला, म्हणून शेवटी तोच उरला. तेव्हाचा दिग्दर्शक म्हणाला, “आता काहीतरी ओरडा. कोकणातलं म्हातारं भूत ओरडेल तसं.”

लवूला काही सुचेना. राक्षसाची आरोळी इथे चालणार नव्हती, ती विनोदी नव्हती. घामाने डोळे चरचरत होते. त्याच्या तोंडून निघाली ती रोज संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत उभा राहून आपल्या पोराला मारायची ती हाक.

“पान वाढलां रेऽऽ! जेवूक येऽऽ!”

ऑफिस हसून लोटपोट झालं. दिग्दर्शक डोळे पुसत म्हणाला, “बास! हीच.” त्या एका हाकेवर लवूला काम मिळालं आणि त्या एका हाकेवर ती मालिका सहा वर्षं चालली. अंधारातून हाक यायची. सोसायटीतला कोणी बावळट ‘आलो’ म्हणायचा आणि त्याला झोटिंग्यांच्या पंगतीला बसावं लागायचं.

यामागे कोकणातली एक जुनी समजूत आहे. तिन्हीसांजेनंतर एका हाकेला ओ द्यायची नाही. भुताला एकच हाक मारता येते, दुसरीला त्याचा दम पुरत नाही. माणूस मात्र तीनदा हाक मारतो, कारण माणसाला माणूस हवा असतो. लवूने हे आपल्या दोन्ही पोरांना, सुशांतला आणि श्रुतिकाला, लहानपणीच शिकवलं होतं. पहिली हाक ऐकली तर गप्प राहायचं, दुसरीला कान द्यायचा आणि तिसरीला धावत सुटायचं. सुशांतला हा खेळ फार आवडायचा. मैदानात हातातली बॅट टाकून तो पुतळ्यासारखा थांबायचा आणि तिसरी हाक आली की जिने थडाथड चढत वर यायचा. वनमालाच्या भाताची वाफ तोवर उडून जायची.

मालिका लागली आणि पहिलं वर्षभर पोरगा हवेत होता. झोटिंग आजा माझा बाबा आहे, हे तो ज्याला त्याला सांगत सुटला. मग शाळेतल्या पोरांना चाळा लागला. डबा उघडला की मागून कोणीतरी ओरडायचं, ‘पान वाढलां रे!’ तो बेंचवर उभा राहिला की ओरडायचे, मुतारीत गेला की ओरडायचे. पोरांची जात दया ओळखत नाही. सुशांतने घरी येऊन तक्रार केली नाही. त्याने फक्त एक केलं, अंधार पडायच्या आधीच घरी येऊ लागला, म्हणजे बापाला हाक मारायची वेळच येऊ नये. लवूला वाटलं, पोरगा शहाणा झाला, अभ्यासाला लागला. त्याने कौतुकाने चार जणांना सांगितलंसुद्धा.

मालिका बंद झाली. मधल्या काळात कारखानाही गुजरातला गेला होता. लवू मुखवटा घेऊन वाढदिवस, मॉलची उद्घाटनं, गणपतीचे कार्यक्रम करू लागला. लोक हाक मारायला लावायचे, हा मारायचा. अशातच त्याला एका कॉलेजच्या वार्षिक उत्सवाचं बोलावणं आलं. कॉलेज सुशांतचं होतं. त्याला सांगायचं नाही, पोराला चकित करायचं, असं याने ठरवलं. आयुष्यात काही चुका वाईट बुद्धीने होतात. त्यांचं प्रायश्चित्त तरी घेता येतं. ही चूक मायेने केलेली होती.

स्टेजवर झोटिंग आजा आला, पोरांनी छप्पर डोक्यावर घेतलं. आज्याने हाक मारली. मग मुखवट्याच्या आतूनच तो माइकवर म्हणाला, “माझा झील याच कॉलेजात शिकतो. सुशांत, खंय आसंस रे? ये, पान वाढलां!”

दीड हजार पोरं एकदम वळली.

त्या संध्याकाळी घरात वनमालाने ताटं वाढली होती. सुशांत ताटावर बसला, पण हात लावला नाही.

“माझं नाव घ्यायची काय गरज होती?” तो म्हणाला.

“अरे, सगळी हसत होती. टाळ्या ऐकल्यास ना?” लवू म्हणाला.

“माझ्यावर हसत होती, बाबा. दहा वर्षं माझ्यावरच हसतायत.” पोराचा आवाज चढला नव्हता, हे वनमालाला पुढे कायम आठवत राहिलं. “ती हाक माझी होती ना? मला मारायचात. ती पण विकलीत. मला घरात बाप होता असं वाटतच नाही. एक भूत होतं, लोकांच्या पोरांना हसवणारं.”

लवूने त्याच्या कानाखाली काढली. सुशांत वाढलेल्या ताटावरून उठला. आमच्याकडे वाढलेल्या ताटावरून उठणं चांगलं मानत नाहीत. वनमाला ‘बस रे, बस रे’ म्हणेतो त्याने सॅकमध्ये दोन कपडे कोंबले आणि तो जिना उतरला.

तिन्हीसांज झाली होती. लवू गॅलरीत आला. पोरगा फाटकाजवळ पोचला होता. लवूने सवयीने छाती भरून हाक मारली.

“पान वाढलां रेऽऽ! जेवूक येऽऽ!”

सुशांत थांबला. वळला नाही, पण थांबला. पाठ इकडे, सॅक एका खांद्यावर. लवूने दुसऱ्या हाकेसाठी तोंड उघडलं. तेवढ्यात शेजारच्या दारातून कोणीतरी फिसकन हसलं आणि म्हणालं, “आजो इलो रे, आजो!” गॅलरीतली चार डोकी हसली. त्यांना आत काय झालंय याचा पत्ता नव्हता, त्यांनी आपली टीव्हीवरची मजा घेतली. लवूचं तोंड तसंच मिटलं. त्याला शरमही वाटली आणि रागही आला. भूक लागली की येईल, असं पुटपुटत तो आत गेला.

वनमाला खिडकीत होती. तिने पाहिलं, पोरगा बराच वेळ तसाच उभा होता. मग त्याने सॅक नीट केली आणि तो हायवेच्या दिशेने चालू लागला.

“तो तिसऱ्ये हाकेची वाट बघी होतो,” ती त्या रात्री म्हणाली. त्यानंतर हे वाक्य तिने कधी उच्चारलं नाही. गरजही नव्हती, ते त्या घरात भिंतीसारखं उभंच होतं.

पोलिसांत तक्रार झाली. फोन पहिल्या आठवड्यातच बंद झाला. कोणी सुरतेला पाहिलं म्हणालं, कोणी वापीला. लवू दोन्हीकडे जाऊन आला. एकदा खाडीत सापडलेल्या देहाची ओळख पटवायला बोलावलं. लवू दाराबाहेरच्या बाकावर बसून राहिला, म्हणून श्रुतिका आत गेली. ती तेव्हा सोळा वर्षांची होती. बाहेर येऊन ‘दादा नाही’ म्हणाली आणि नळाखाली हात धूतच राहिली. गावच्या देवाला कौल लावला, तर देवही ना हो म्हणे ना नाही म्हणे. लवूने मुखवटा माळ्यावर टाकला आणि एका टॉवरच्या गेटवर वॉचमनची नोकरी धरली. त्या दिवसापासून त्याने कोणालाच मोठ्याने हाक मारली नाही. रिक्षालासुद्धा तो हात करायचा.

अशी अकरा वर्षं सरून बारावं लागलं. आपल्यात रीत अशी आहे, की परागंदा माणसाची बारा वर्षं वाट बघायची. मग दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, दिवस करायचे आणि माणूस गेला म्हणायचं. हा विषय काढला तो वनमालाने, आणि तांदूळ निवडता निवडता काढला.

“भटजींक इचारलंय मी,” ती म्हणाली. “बारा वर्सां भरली की पुतळो करूक होयो.”

लवू भडकला. “मी जित्या झिलाक आग देवचंय नाय.”

“जितो आसात तर खंय तरी जेवता आसतलो,” वनमाला सुपातून नजर न उचलता म्हणाली. “जित्याक कोण पण वाढीत. मेलो आसात तर उपाशी फिरता तो. मेल्याक आपणच वाढूक होया ना? ताटावरसून उठान गेलो तो.”

आई-बापाच्या मायेत हा फरक असतो. बापाला आपलं पोर जिवंत हवं होतं, कारण ते मेलं तर त्याला मारणारा कोण, हे ठरून जात होतं. आईला ते फक्त जेवलेलं हवं होतं.

नेमक्या याच दिवसांत यज्ञेश घरी आला. मुलुंडचा, तिशीतला, दाढीवाला, बोलायला गोड पोरगा. ‘झोटिंगांचं बिऱ्हाड’वर आता मोठा सिनेमा होणार होता आणि तो त्याचा दिग्दर्शक होता. बाकी सगळी पात्रं नव्या नटांना दिली होती. आजा मात्र जुनाच हवा, म्हणून तो पत्ता शोधत काजूपाड्यात आला होता. आल्या आल्या तो लवूच्या पाया पडला.

“काका, लहानपणी मी तुमची हाक ऐकल्याशिवाय जेवायचोच नाही,” तो म्हणाला. “आई टीव्ही लावून घास भरवायची.”

चहा घेऊन आलेली वनमाला कप हातात धरून तिथेच उभी राहिली. मग कप ठेवून ती आत गेली.

लवूच्या डोक्यात मात्र त्या वाक्याने दिवा लागला. हा पोरगा सुशांतच्याच वयाचा. मालिका बघून वाढलेली सगळी पोरं आता तिशीत आहेत, ती हा सिनेमा बघणारच. सुशांत सुरतेत असो, दुबईत असो, मोबाईलवर तरी बघणार. आणि त्यात बापाचा आवाज ऐकणार. रात्री त्याने वनमालापुढे हात जोडले. “पिक्चर लागूदे. तोपर्यंत थांब. त्येच्या कानार माझी हाक एकदा पडूदे.”

“पिक्चर लागापर्यंत,” वनमाला म्हणाली. “म्होरां एक दिवस नाय.”

शूटिंग गोरेगावला झालं. सिनेमात झोटिंगे कुटुंब लंडनला जातं, पण लवूला लंडनला नेलं नाही. मुखवट्याच्या आत तिकडचाच एक उंच माणूस घातला. लवूला त्याचं काही वाटलं नाही. त्याचं सगळं लक्ष शेवटच्या प्रसंगावर होतं. कुटुंबाचा धाकटा नातू माणसांच्या गर्दीत हरवतो आणि आजा त्याला हाक मारतो, असा तो प्रसंग.

मुखवटा काखेत धरून लवू यज्ञेशकडे गेला. “हाक तीनदा मारू काय?”

“काका, भुताची हाक एकच. जोकच तो आहे ना,” यज्ञेश म्हणाला.

“हां, पण इथे जोक कुठे आहे?” लवू म्हणाला. “नातू हरवलाय त्याचा. एका हाकेला तो येणार नाही. त्याला वाटेल भूत आहे. तीनदा मारली, की त्याला कळेल हे आपलं माणूस आहे.”

यज्ञेशने लवूला मिठी मारली. “काका, पिक्चरचा शेवट दिलात तुम्ही मला!” त्याला यामागचं काही ठाऊक नव्हतं आणि लवूने सांगितलं नाही.

आवाज भरायला त्याला अंधेरीच्या स्टुडिओत बोलावलं. काचेच्या खोलीत तो एकटा, कानावर हेडफोन, समोर पडद्यावर त्याचंच मुखवट्यातलं धूड. बारा वर्षांत त्याने गळा मोकळा केला नव्हता. पहिली हाक बरी गेली. दुसरी तिच्याहून बरी. तिसरीला आवाज मध्येच फाटला आणि ‘येऽऽ’ नुसता श्वासासारखा बाहेर पडला. काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट म्हणाला, अजून एकदा घेऊ. यज्ञेशने मान हलवली. “नको. हीच ठेव.”

घरी येऊन लवूने हे वनमालाला सांगितलं. रविवारी तिने कोळंबीचं तिखलं, सुशांतच्या आवडीचं कालवण, केलं. सुशांत गेल्यापासून ते या घरात शिजलं नव्हतं. आशा लागते म्हणतात ती अशी लागते, शहाण्या माणसालासुद्धा.

सिनेमा लागला त्या दिवशी तिघं बोरिवलीच्या मॉलमध्ये गेले. श्रुतिकाने आईला धरून सरकत्या जिन्यावर चढवलं. पडद्यावर झोटिंगे कुटुंब लंडनच्या बसमध्ये शिरलं, थिएटर हसलं. आजा एअरपोर्टच्या तपासणीत अडकला, थिएटर हसलं. पण आज्याने पहिल्यांदा तोंड उघडलं आणि लवू खुर्चीत पुढे सरकला. आवाज त्याचा नव्हता. भारदस्त, खर्जातला, जाहिरातींत रोज ऐकू येणारा कोणा मोठ्या नटाचा आवाज होता.

“हो तुझो आवाज नाय,” वनमाला अंधारात म्हणाली.

“शेवटची हाक माझी आहे,” लवू म्हणाला. “ती माझ्या समोर ठेवली त्याने.”

शेवट आला. गर्दीत नातू हरवला. आजा जिन्यावर उभा राहिला. पहिली हाक आली, मग दुसरी, मग तिसरी. तिन्ही त्या दुसऱ्याच आवाजात, घासूनपुसून, ‘जेवूक’चा उच्चार पुस्तकात वाचल्यासारखा. तिसरी तर फाटलीसुद्धा, लवूची जिथे फाटली होती बरोबर तिथेच. मोठ्या नटाने ऐकून शिकून घेतली असणार. थिएटरमध्ये माणसं हुंदके देऊ लागली. मागे कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

श्रुतिकाने तिथूनच यज्ञेशला फोन लावला. “कंपनीचा निर्णय आहे गं,” तो पडेल आवाजात म्हणाला. “मोठ्या नावाशिवाय पिक्चर विकला जात नव्हता. मी काकांना सांगणारच होतो, खरंच. धीर झाला नाही.” तो खोटं बोलत नव्हता. भल्या माणसांकडे एवढाच धीर कमी असतो आणि नेमका तेवढाच लागतो.

लवूला त्याचा राग आला नाही. त्याच्या डोक्यात वेगळंच चक्र सुरू झालं होतं. सुशांत हे बघेल. आवाज बापाचा नाही, हे त्याला पहिल्या अक्षराला कळेल. पण हाक ओळखेल, तिन्ही ओळखेल. दोन हाका मारायच्या राहिल्या, ही गोष्ट त्या घरातल्या चौघांशिवाय कोणाला माहीत नव्हती. पोराला वाटेल, त्या संध्याकाळी मला ज्या दोन मारल्या नाहीत, त्याही बाबांनी विकल्या.

“आणि तां खोटा खंय आसा?” घरी आल्यावर तो स्वतःशीच म्हणाला.

सिनेमा तीन आठवडे चालला. तीन हाकांवर पोरापोरींनी मोबाईलवर नकला केल्या. रोज तिन्हीसांजेला लवू गॅलरीत उभा राहायचा, फाटकाकडे बघत. दूधवाला यायचा, कुरिअरवाला यायचा. सिनेमा उतरला त्या संध्याकाळी तो आत आला आणि म्हणाला, “भटजींक सांग.”

खाडीकाठच्या घाटावर पुतळा केला. दर्भाची हाडं, पळसाच्या पानांचं अंग, डोक्याच्या जागी नारळ. वनमालाने त्याला सुशांतचा एक जुना शर्ट घातला, तो लहान पडला म्हणून पाठीवर उसवून घातला. लवूने अग्नी दिला. पुतळ्याला जळायला फार वेळ लागत नाही.

दहाव्याला पिंड ठेवला. भात, दही, वर काळे तीळ, आणि वनमालाने बाजूला ठेवलेलं कोळंबीचं तिखलं. आजूबाजूला आणखी तीन घरांचे दहावे होते. त्यांचे कावळे आले, शिवले आणि ती माणसं चपला शोधू लागली. यांच्या पिंडाकडे कावळे तिवरांच्या फांद्यांवरून नुसते बघत होते. ऊन चढलं.

“काही इच्छा राहिली असेल तर सांगा त्याला,” भटजी म्हणाले.

“दादा, आई-बाबांना मी सांभाळेन,” श्रुतिका रडत म्हणाली. कावळा हलला नाही. “बायचा लगीन करू आमी,” वनमाला म्हणाली. कावळा हलला नाही. भटजींनी घड्याळ पाहिलं आणि दर्भाचा कावळा करायला घेतला. खरा कावळा आला नाही तर त्यानेच शिवून मोकळं होतात.

“थांबा,” वनमाला म्हणाली आणि लवूकडे वळली. “हाक मार त्याका.”

लवूने मान खाली घातली.

“तेवढीच रवली हा,” ती म्हणाली. “मार.”

लवू उभा राहिला. त्याने छाती भरली.

“पान वाढलां रेऽऽ! जेवूक येऽऽ!”

घाटावरची माणसं वळली. चपला घालणारा एक तरुण म्हणाला, “अरे, पिक्चरमधलं! सेम टू सेम!” कोणीतरी खुदकन हसलं. एकाने खिशातून मोबाईल काढला. लवूने ते हसू ऐकलं. ते गॅलरीतलंच हसू होतं, बारा वर्षांनी त्याच जागी आलेलं. या वेळी त्याने तोंड मिटलं नाही.

“पान वाढलां रेऽऽ! जेवूक येऽऽ!”

आता कोणी हसलं नाही. फांदीवरचे कावळे सरकले. श्रुतिकाने आईचा हात घट्ट धरला. लवूच्या गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या आणि डोळे मिटले होते.

“पान वाढलां रेऽऽ...! बाबू, जेवूक येऽऽ...!”

एक कावळा उतरला. पानाच्या कडेला बसला, इकडेतिकडे बघितलं आणि त्याने भातात चोच घातली.

“मोकळा झाला हो,” भटजी म्हणाले.

लवूने डोळे उघडले आणि समोर काय आहे ते त्याला दिसलं. बारा वर्षं त्याने एकच धरलं होतं, की तिसऱ्या हाकेला पोरगा येईल. त्याच्या तोंडातून एक घोगरा आवाज निघाला आणि कावळ्याला हाकलायला त्याचा हात वर गेला.

वनमालाने तो हात वरच्या वर धरला.

“जेवंदे त्याका,” ती म्हणाली. “बारा वर्सांचो उपाशी आसा.”